सुधारणा-भरपाई हक्क, मलबारमधील कुळांचा

दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर कायदेशीर वहिवाट असणाऱ्याने, किंवा ती आपलीच आहे अशा प्रामाणिक समजुतीने ती कसणाऱ्याने, स्वतःच्या श्रमाने व खर्चाने जमिनीचे मूल्य वाढविले असता, ताबा सोडताना त्या वाढीचा मोबदला मालकाकडून मिळविण्याचा जो हक्क, त्यास सुधारणा-भरपाईचा हक्क म्हणतात. विहीर खणणे, बांध घालणे, पड जमीन लागवडीखाली आणणे, एकपिकी जमीन दुपिकी करणे, फळझाडे लावणे, घर बांधणे इ. कामांचा सुधारणांत समावेश होतो. ही कामे जमिनीपासून वेगळी काढता येत नाहीत. त्यामुळे जमीन मालकाकडे परत गेली, की श्रमाचे फळही तिच्याबरोबर जाते. हे फळ मालकाला फुकट मिळू द्यावे, तर कसणाऱ्यावर अन्याय होतो. उलट, मालकाने न मागितलेल्या सुधारणेची किंमत त्याच्यावर लादली, तर ती देण्याची ऐपत नसलेल्या मालकाला आपल्याच जमिनीस मुकावे लागते. या पेचातून मार्ग काढण्याचे प्रयत्न अनेक देशांच्या कायद्यांत झालेले आहेत. भारतात या हक्काचा सर्वांत विस्तृत प्रयोग मलबारमध्ये झाला. १८८७ च्या कायद्याने तेथील कुळांस तो हक्क मिळाला आणि पुढे सु. ८० वर्षे तेथील कूळविषयक विचाराचा तो एक आधार राहिला.

प्राचीन विधिविचार : रोमन विधीनुसार जमिनीवर जे उभारले जाते, ते जमिनीच्या मालकाचे होते. तथापि जमीन आपली आहे, अशा सद्भावाने इमारत बांधणारा ताबेदार साहित्याची किंमत व मजुरी मिळेपर्यंत मालकाच्या दाव्यास हरकत घेऊ शके. जमीन परक्याची आहे हे ठाऊक असताना बांधणाऱ्यास मात्र हे संरक्षण नव्हते. खर्चाचे आवश्यक, उपयुक्त व शोभेचे असे तीन वर्ग रोमन विधिज्ञांनी पाडले होते. केल्ससच्या मते अशा वादात सर्वांना एकच नियम लावणे योग्य नव्हे. भरपाई देण्यासाठी वडिलोपार्जित घर व पूर्वजांच्या समाधी गमवाव्या लागतील इतका मालक गरीब असेल, तर बांधणाऱ्यास काढून नेता येण्याजोगे साहित्य काढून नेऊ देणे पुरेसे आहे.

भारतीय धर्मशास्त्रातही हा विचार आढळतो. नारदस्मृतीप्रमाणे दुसऱ्याच्या जागेवर भाडे देऊन घर बांधून राहणाऱ्यास जागा सोडताना गवत, लाकूड, विटा इ. साहित्य नेता येते. भाडे न देता मालकाच्या इच्छेविरुद्ध राहणाऱ्यास ते नेता येत नाही. शेताचा मालक असमर्थ, मृत अथवा परागंदा असताना दुसऱ्या कोणी ते विनाहरकत कसले, तर उत्पन्न कसणाऱ्याचे होते. पुढे मालक परत आला, तर पड जमीन वहितीस आणण्याचा खर्च देऊनच त्याने शेत परत घ्यावे, असा नारदाचा नियम आहे. या संदर्भात त्याने सात वर्षांची मुदत व अष्टमांशाची वजावटही सांगितली असून आठव्या वर्षी शेत मालकाकडे जाते. याज्ञवल्क्यस्मृतीचा कल मात्र मालकाकडे आहे. मालकाला न कळविता त्याच्या शेतात बांध घालणाऱ्यास त्या बांधाच्या लाभावर हक्क नसून तो मालकाचा व मालक नसल्यास राजाचा होतो, असे तीत म्हटले आहे. मालकाची संमती, कसणाऱ्याचा सद्भाव आणि खर्चाची परतफेड हे या वादातील तीनही मुद्दे अशा रीतीने स्मृतिकारांस परिचित होते.

आयर्लंड व अमेरिका : इंग्लंडमधील सामान्य विधीने जमिनीशी जोडलेली वस्तू मालकाचीच मानली, भरपाई मिळे ती करारामुळे किंवा स्थानिक रूढीमुळे. आयर्लंडमध्ये यातून तीव्र संघर्ष उद्‌भवला, कारण तेथे निचऱ्याचे चर, कुंपणे, इतकेच नव्हे तर राहती घरेही बहुधा कुळेच स्वखर्चाने करीत. अल्स्टर प्रांतात शेत सोडणारे कूळ आपला हक्क येणाऱ्या कुळास विकू शके. इतरत्र असा आधार नव्हता. १८४३ मध्ये नेमलेल्या डेव्हन आयोगाने १८४५ च्या अहवालात या प्रश्नाकडे लक्ष वेधले. ग्लॅडस्टनच्या १८७० च्या कायद्याने अल्स्टरच्या रूढीस मान्यता देऊन अन्य कुळांस सुधारणांची भरपाई देऊ केली. परंतु एवढ्याने निष्कासने थांबली नाहीत आणि १८८१ च्या कायद्याने वाजवी खंड, वहिवाटीची शाश्वती व हक्क विकण्याची मुभा ही तीन तत्त्वे स्वीकारावी लागली. कुळाने केलेल्या सुधारणांवर मालकाने खंड आकारू नये, अशी तरतूदही त्याच कायद्यात झाली.

अमेरिकेतील केंटकी राज्यात हा प्रश्न निराळ्या रूपाने पुढे आला. तेथे एकाच जमिनीवर अनेकांचे दावे असत आणि जंगल तोडून वस्ती करणाऱ्यास आपला दस्तऐवज सदोष असल्याचे पुष्कळदा फार उशिरा कळे. १७९७ व १८१२ च्या कायद्यांनी राज्याने अशा वहिवाटदारांस भरपाई देऊ केली. तथापि व्हर्जिनियाशी झालेल्या कराराचा भंग होतो, या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने १८२३ मध्ये ग्रीन विरुद्ध बिडल या खटल्यात ते कायदे रद्दबातल ठरविले. अब्राहम लिंकनच्या वडिलांनी १८१६ मध्ये केंटकी सोडले, त्याचे प्रमुख कारण जमिनीच्या मालकीविषयीच्या अडचणी हेच होते, असे लिंकनने स्वतः नमूद केले आहे.

ब्रिटिश भारतातील सर्वसाधारण कायदा : इमारत जमिनीबरोबर आपोआप जाते, हे इंग्लिश तत्त्व भारतात जसेच्या तसे लागू नाही, असा निर्णय कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १८६६ मध्ये दिला. सद्भावाने बांधणाऱ्यास एकतर साहित्य नेऊ द्यावे किंवा मालकाने त्याची किंमत द्यावी, असे त्या न्यायालयाने ठरविले. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातील कलम ५१ नुसार, आपण पूर्ण मालक आहोत अशा सद्‌भावपूर्ण समजुतीने सुधारणा करणाऱ्या खरेदीदारास खऱ्या मालकाने सुधारणेची किंमत द्यावी लागते, अथवा सुधारणा वगळून होणाऱ्या बाजारभावाने जमीन त्यालाच विकावी लागते. हे संरक्षण चुकीच्या समजुतीवर आधारलेले आहे. कुळाची अशी समजूत नसते. जमीन दुसऱ्याची आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असते आणि तरीही तो झाडे लावतो. अशा माणसाचा हक्क कशावर आधारावा, हा प्रश्न मलबारमध्ये उपस्थित झाला.

मलबारमधील भूधारणा : मलबारमध्ये जमिनीच्या वंशपरंपरागत मालकास जन्मी म्हणत. नंबुद्री ब्राह्मण, नायर सरदार व देवस्थाने हे प्रमुख जन्मी होत. त्यांच्या खालोखाल काणम्‌धारक येत. काणम् हा गहाण व भाडेपट्टा यांचा मिश्र प्रकार असून, काणम्‌धारक जन्मीकडे काही रक्कम ठेवी, तिचे व्याज खंडातून वळते होई व उरलेला खंड जन्मीस मिळे. वेरुंपाट्टम् म्हणजे अनामत रकमेशिवाय दिलेला साधा पट्टा. प्रत्यक्ष कसणारे पुष्कळसे गरीब शेतकरी या वर्गात मोडत. कुळिक्काणम् हा चौथा प्रकार प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. मलयाळम् भाषेत ‘कुळि’ म्हणजे खड्डा. पड जमीन घेऊन तीत खड्डे खणायचे, नारळ, सुपारी, फणस इ. झाडे लावायची व मुदतीअखेर मालकाने झाडांची किंमत चुकती करून जमीन परत घ्यायची, असा हा बागायती पट्टा होता. त्याची मुदत सामान्यतः बारा वर्षांची असे.

या मुदतीचे महत्त्व नारळाच्या वाढीवरून ध्यानात येते. उंच जातीचा नारळ लावल्यापासून सहा ते दहा वर्षांनी फळ धरू लागतो, त्यानंतर काही वर्षांनी भरात येतो आणि पुढे अनेक दशके उत्पन्न देतो. खड्डे खणणे, रोपांना पाणी घालणे व गुरांपासून त्यांचे रक्षण करणे, यांत कुळाची पहिली वर्षे जातात. बारा वर्षे संपतात, तेव्हा त्याचे कष्ट संपत आलेले असतात व झाडाचे उत्पन्न नुकतेच सुरू झालेले असते. नेमक्या याच वेळी जमीन परत गेली, तर झाडाच्या उरलेल्या आयुष्याचा सर्व लाभ जन्मीस मिळतो. रूढीने ठरलेली झाडांची किंमत हे या विषमतेवरील जुने उत्तर होते.

ब्रिटिश न्यायालये व निष्कासने : हैदर अलीने १७६६ मध्ये मलबारवर स्वारी केल्यानंतर म्हैसूरच्या अमदानीत अनेक जन्मी त्रावणकोरात पळून गेले व सारा थेट कसणाऱ्यांकडून वसूल होऊ लागला. १७९२ मध्ये हा प्रदेश ईस्ट इंडिया कंपनीकडे आल्यावर जन्मी परतले आणि कंपनीने त्यांना जमिनीचे पूर्ण मालक म्हणून मान्यता दिली. न्यायालयांनी काणम् हे बारा वर्षांनंतर सोडविता येणारे गहाण मानले व १८५६ मध्ये सदर अदालतीने तोच अर्थ कायम केला. त्यामुळे बारा वर्षांनी मोठी नजर घेऊन पट्टा नव्याने लिहून द्यावयाचा किंवा कुळास काढावयाचे, ही निवड जन्मीच्या हाती आली. याहून जाचक प्रकार मेल्‌चार्त्तु हा होता. त्यात जन्मी जुन्या कुळावर तिसऱ्या इसमास पट्टा लिहून देई आणि तो इसम काणम्‌ची रक्कम व सुधारणांची किंमत भरून जुन्या कुळास न्यायालयामार्फत बाहेर काढी. यात जन्मीस पदरचे काही खर्चावे लागत नसे. उलट नव्या कुळाकडून नजर मिळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निष्कासनाच्या दाव्यांची संख्या वाढत गेली.

दक्षिण मलबारमध्ये १८३६ पासून मापिला (मोपला) शेतकऱ्यांचे उठाव वरचेवर होऊ लागले होते. विशेष आयुक्त टी. एल. स्ट्रेंज याने १८५२ मध्ये त्यांचे कारण धर्मवेड असल्याचे मत दिले. १८५५ मध्ये जिल्हाधिकारी एच. व्ही. कॉनली याची हत्या झाली. दडपशाहीचे कायदे करूनही उठाव थांबेनात, तेव्हा १८८१ मध्ये मद्रास सरकारने विल्यम लोगन याला भूधारणेच्या चौकशीसाठी विशेष आयुक्त नेमले.

लोगनचा अहवाल व माधवराव आयोग : लोगनने १८८२ च्या अहवालात असंतोषाचे मूळ जमीनव्यवस्थेत असल्याचे दाखविले. त्याच्या मते जन्मी हा रोमन अर्थाने जमिनीचा निरंकुश मालक कधीच नव्हता. जन्मी, काणम्‌धारक व कसणारा हे उत्पन्नाचे भागीदार होते. इंग्रज न्यायाधीशांनी आपल्या कल्पनेतील मालकी त्यांपैकी एकावर आरोपित केली. यावर उपाय म्हणून प्रत्यक्ष कसणाऱ्यास कायम वहिवाटीचा हक्क द्यावा, असे त्याने सुचविले.

१८८४ मध्ये या प्रश्नाच्या विचारासाठी सर टी. माधवराव (१८२८–९१) यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. माधवरावांचा जन्म कुंभकोणम् येथे तंजावर प्रदेशात स्थायिक झालेल्या मराठी भाषिक देशस्थ कुटुंबात झाला होता. बडोद्याचे दिवाण म्हणून ते महाराष्ट्रात परिचित आहेत. परंतु त्यापूर्वी १८५८ ते १८७२ या काळात ते त्रावणकोरचे दिवाण होते आणि भूधारणेचा प्रश्न त्यांनी तेथेच हाताळला होता. १८६५ च्या जाहीरनाम्याने त्रावणकोरमधील सरकारी जमिनींच्या कुळांस मालकी व विक्रीचा अधिकार मिळाला. १८६७ च्या जाहीरनाम्याने खाजगी जन्मींच्या कुळांस, ती देणी चुकती करीत असेतोवर, काढून टाकण्यास मनाई करण्यात आली. मलबारच्या शेजारी व बव्हंशी त्याच भूधारणापद्धतीच्या संस्थानात कायम वहिवाट अशा रीतीने अगोदरच मान्य झालेली होती.

ब्रिटिश मलबारमध्ये मात्र त्या मार्गास विरोध झाला. मद्रास उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर चार्ल्स टर्नर यांनी १८८५ मध्ये विधेयकाच्या मसुद्यावर विस्तृत टिपण लिहून त्यावर टीका केली. जवळजवळ शतकभर न्यायालयांनी मान्य केलेली मालकी कायद्याने कमी करावी काय, हा या वादाचा गाभा होता. अखेर कायम वहिवाटीचा प्रश्न बाजूस राहिला आणि जन्मीच्या मालकीस हात न लावता कुळास दिलासा देणारी सुधारणांची भरपाई तेवढी स्वीकारण्यात आली.

१८८७ व १९०० चे कायदे : मलबार कूळ सुधारणा-भरपाई अधिनियम १८८७ मध्ये (मद्रासचा त्या वर्षीचा पहिला अधिनियम) संमत झाला व १९०० मध्ये त्याची जागा दुसऱ्या अधिनियमाने घेतली. त्यांतील तत्त्वे पुढीलप्रमाणे होती : (१) कुळास काढताना त्याने किंवा त्याच्या पूर्वाधिकाऱ्याने केलेल्या सुधारणांची भरपाई त्याला मिळाली पाहिजे. (२) भरपाई ठरून ती चुकती होईपर्यंत कुळास ताबा ठेवता येतो. (३) थकलेला खंड भरपाईतून वळता करता येतो. (४) सुधारणा म्हणजे जमिनीचे मूल्य वाढविणारे, तिला अनुरूप असे व ज्या हेतूने ती दिली त्याच्याशी सुसंगत असे काम. (५) १ जानेवारी १८८६ नंतर केलेल्या कोणत्याही कराराने सुधारणा करण्याचा व भरपाई मागण्याचा कुळाचा हक्क हिरावता किंवा मर्यादित करता येत नाही.

यांपैकी पाचवे तत्त्व विशेष महत्त्वाचे आहे. भरपाईचा हक्क केवळ करारावर सोडला असता, तर प्रत्येक नव्या पट्ट्यात तो सोडून दिल्याचे कलम घातले गेले असते. सुधारणा मालकाच्या संमतीने केली की नाही, यापेक्षा ती जमिनीस अनुरूप आहे की नाही, हा येथे निकष झाला. मालकाची परवानगी न घेता, पण त्याला वाजवी खंड देण्याच्या प्रामाणिक हेतूने पड जमीन लागवडीस आणणाऱ्यासही १९०० च्या अधिनियमाने कुळाच्या व्याख्येत घेतले. नारदाने सांगितलेला परक्याची पड जमीन कसणारा शेतकरी आणि हे कूळ यांतील साम्य उघड आहे.

परिणाम : कायद्यामुळे बागायती कुळाचे स्थान बळकट झाले. भरपाईची रक्कम मोठी असेल, तर ती उभी करणे जन्मीस अवघड जाई आणि निष्कासन लांबणीवर पडे. तथापि या संरक्षणास तीन मर्यादा होत्या. पहिली मूल्यमापनाची. झाडाची किंमत त्यावर झालेल्या खर्चाइतकी धरावी, की त्याच्या उरलेल्या आयुष्यातील उत्पन्नावरून काढावी, यावर भरपाईचा सर्व अर्थ अवलंबून असतो. १८८७ च्या अधिनियमानंतरही निष्कासने अपेक्षेइतकी कमी झाली नाहीत व १९०० मध्ये नवा अधिनियम करावा लागला. दुसरी मर्यादा कुळांतील भेदाची. ज्याच्यापाशी झाडे लावून वर्षानुवर्षे वाट पाहण्याइतके भांडवल होते, त्या काणम्‌धारकास भरपाईचा खरा लाभ झाला. भातशेती करणाऱ्या वेरुंपाट्टम् कुळाजवळ दाखविण्याजोगी सुधारणा थोडी असे, म्हणून त्याचे संरक्षणही थोडेच राहिले. तिसरी मर्यादा मेल्‌चार्त्तुची. भरपाई देणारा तिसरा इसम मिळाला, की कायद्याचे पूर्ण पालन होऊनही कुळाची जमीन जाई. त्याला झाडांचे पैसे मिळत. परंतु राहते घर, शेजार व उपजीविकेचे साधन यांची किंमत त्या हिशेबात धरलेली नसे.

उत्तरकाल : १९२१ च्या मलबारमधील उठावानंतर कूळविषयक चळवळीने पुन्हा जोर धरला व १९३० मध्ये अंमलात आलेल्या मलबार कूळवहिवाट अधिनियमाने अनेक वर्गांतील कुळांस वहिवाटीची शाश्वती व पट्टा नव्याने करून घेण्याचा हक्क दिला. केरळ राज्याच्या स्थापनेनंतर १९५८ मध्ये सुधारणा-भरपाईचा नवा अधिनियम करण्यात आला. परंतु १९६३ च्या केरळ जमीनसुधारणा अधिनियमात १९६९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १ जानेवारी १९७० पासून कूळपद्धतीच संपुष्टात आली व जन्मींचे हक्क शासनाकडे जाऊन कुळांना मालक होण्याचा मार्ग खुला झाला. लोगनने १८८२ मध्ये सुचविलेल्या शाश्वतीच्याही पलीकडची ही मजल होती.

महाराष्ट्रातही या दोन टप्प्यांचा क्रम दिसतो. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाने वहिवाट संपुष्टात आल्यास कुळास त्याने केलेल्या सुधारणांची भरपाई देऊ केली. १९५६ च्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी ठरावीक अटींस पात्र असलेली कुळे आपण कसत असलेल्या जमिनीचे खरेदीदार मानली गेली. कूळ स्वतःच मालक झाल्यावर मालकाकडून भरपाई मागण्याचा प्रसंग उरत नाही.

मूल्यमापन : जमिनीत घातलेल्या श्रमातून, जमिनीची मालकी नसली तरीही, कायद्याने मान्य करण्याजोगा हितसंबंध निर्माण होतो, हे तत्त्व मलबारच्या कायद्याने भारतात स्पष्टपणे प्रस्थापित केले. त्यासाठी चुकीच्या समजुतीची अट त्याने घातली नाही आणि करारालाही त्या तत्त्वावर मात करू दिली नाही, हे त्याचे श्रेय होय. मात्र हा कायदा वहिवाटीच्या शाश्वतीऐवजी दिलेला होता आणि ती उणीव भरपाईने भरून निघाली नाही. केलेल्या कामाचे मोल मिळणे आणि काम केलेल्या जमिनीवर राहता येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आयर्लंडच्या व मलबारच्या अनुभवांवरून दिसून येते. जेथे मालक व कसणारा हे संबंध आजही टिकून आहेत, तेथे पहिली गोष्ट आवश्यक असते. परंतु ती दुसरीची जागा घेऊ शकत नाही.